भावाचं रिसेप्शन आणि बाटल्यांचा हिशोब

धाकट्याचा पुण्याहून व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होते. "ताई, हॉल, जेवण, कपडे सगळं आई-आबा बघतील. बारचं तेवढं तू बघ. आबांसमोर विषय काढायची माझी टाप नाही." मी उत्तर पाठवलं, "बघतो की." (कोल्हापुरात बाईसुद्धा 'बघतो'च म्हणते. माझ्या पुणेरी नवऱ्याला लग्नाला अकरा वर्षं झाली तरी याचं नवल सरत नाही.)

हे काम माझ्याच गळ्यात का पडलं, त्याला दोन कारणं. मी पीत नाही, आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, चौदा वर्षं कॉस्टिंग (खर्चाचा हिशोब) करते. एका कास्टिंगला, म्हणजे ओतून केलेल्या भागाला, किती लोखंड लागतं, वितळताना किती जातं, रिजेक्शन किती निघतं, साच्याची वाळू आणि पेंट किती खातात, हे सांगणं माझं रोजचं काम. धाकट्याचं म्हणणं असं की बाटलीचं गणित यापेक्षा अवघड असणार नाही. माझाही तोच समज होता.

बेत असा होता. लग्न शुक्रवारी, २२ नोव्हेंबर २०२४ ला, मंगल कार्यालयात. नऊशे पानं, शाकाहारी जेवण, मसालेभात आणि जिलेबी. तिथं दारूचं नाव काढलं असतं तर आईने अक्षता माझ्यावरच फेकून मारल्या असत्या. दुसऱ्या दिवशी शनिवारी संध्याकाळी शहराबाहेरच्या एका लॉनवर रिसेप्शन. धाकट्याचं पुण्याचं ऑफिस, त्याचे कॉलेजचे मित्र, जवळचे नातेवाईक आणि आबांची मंडळी, असे मिळून दोनशे चाळीस. जेवायला मटण, तांबडा, पांढरा, आणि सोबत बार.

आईने परवानगी दिली, पण अटी घालून. बार स्टेजवरून दिसता कामा नये. जेवणाच्या टेबलांपासून लांब हवा. आणि तिसरी, जी तिने दोनदा सांगितली: "आत्यांच्या नजरेला पडता कामा नये." आमची आत्या माळकरी. दरवर्षी वारीला जाते.

पहिला आकडा हवा होता तो म्हणजे दोनशे चाळीसपैकी पिणारे किती. हा आकडा काढायला मला तीन आठवडे लागले, बाकी सगळं त्यामानाने सोपं होतं. मी यादी घेऊन एकेकाला फोन लावायला बसले. एक काका म्हणाले, "छे छे, आपण सोडलं ते." दुसरे म्हणाले, "कंपनी म्हणून एखादा, तोपण तुझ्या काकूला सांगू नकोस." मामेभाऊ म्हणाला, "मी नाही गं, पण बाकीच्यांचं धरून ठेव." पंचवीस फोन झाले तेव्हा वहीत चार पिणारे होते, आणि त्यातला एक धाकटा स्वतः. नवरा म्हणाला, "पिता का असं कशाला विचारतेस? रात्री परत जायला गाडीची सोय करतोय, त्यात तुमची सीट धरू का, असं विचार." दुसऱ्या फेरीत हाच प्रश्न विचारला. सीट मागणाऱ्यांची संख्या भराभर वाढली. व्याह्यांना मात्र हेही विचारता आलं नाही.

मग एक जण किती पितो? इथं आबांचं रस्सा मंडळ कामी आलं. बाहेरच्यांसाठी सांगते, कोल्हापुरात पेठेपेठेत अशी मंडळं असतात. दहा-वीस जण वर्गणी काढतात, रविवारी कुणाच्या तरी शेतावर चूल मांडतात आणि दिवसभर मटण शिजवतात. आबांच्या मंडळाची हिशोबाची लाल वही आमच्याच घरी, देवघराखालच्या कपाटात असते. आबा बाजारात गेले होते तेव्हा काढली. प्रत्येक रविवारचा तपशील नीट लिहिलेला: मटण, कांदे, खोबरं, लाकडं, आणि खाली 'इतर'. त्या 'इतर'मध्ये सगळं होतं. एका रविवारी अठरा माणसं, सहा खंबे. एका खंब्यात ७५० मिली, म्हणजे ६० मिलीचे साडेबारा लार्ज पेग. सहा खंब्यांचे पंचाहत्तर. माणशी चारच्या वर. त्याच पानावर आबांच्या नावापुढे 'सोडा' लिहिलं होतं, आणि ते खोडून '२'. मी वही मिटून जागेवर ठेवली. आई दारात उभी होती. "मला काय माहीत नाही असं वाटतंय काय तुला?" एवढं बोलून ती आत गेली.

मंडळाचा आकडा रिसेप्शनला जसाच्या तसा लावता येत नाही, ते लोक दिवसभर बसतात. आमचा बार सात ते दहा, कारण रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही आणि डीजे थांबला की लोक ताटाकडे वळतात. मी माणशी तीन धरले. पिणारे एकशे दहा निघाले होते: सत्तर जण व्हिस्की, रम, व्होडकावाले, तीस बिअरवाले, दहा वाईनवाले. सत्तर गुणिले तीन, दोनशे दहा पेग. त्याला जवळजवळ सतरा खंबे लागतात. त्यावर दहा टक्के सांडलवंड, आमच्या फाउंड्रीच्या भाषेत मेल्टिंग लॉस. झाले एकोणीस. बिअर माणशी दोन, साठ बाटल्या, म्हणजे बाराचे पाच बॉक्स. वाईनच्या एका बाटलीत पाच ग्लास निघतात, चार बाटल्या पुरे.

पर्याय तपासताना सगळ्यात आधी एका हॉटेलात गेले. तिथं परमिट रूम आहे, म्हणजे परवान्याची कटकट नाही, बर्फ-ग्लास-पोरं सगळं त्यांचं. पण आपली बाटली आत न्यायची नाही. त्यांच्या साठ्यातल्या प्रत्येक बाटलीची नोंद असते, त्यामुळे तिथं त्यांचीच विकत घ्यायची. मध्यम व्हिस्कीचा लार्ज २२० रुपयांना, वर दहा टक्के व्हॅट. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो आणि परमिट रूममधला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचाचा दहा टक्के झाला. म्हणजे पेग पडला २४२ ला. तीच व्हिस्की दुकानात अकराशेला खंबा, पेग ८८ ला. मी मनात म्हटलं, झालं, निकाल लागला. घाई केली, ते पुढे येईलच.

कूपनचा विचार आबांच्या एका दोस्ताच्या कानावर गेला. माणशी दोन कूपनं द्यावीत, असं माझ्या मनात होतं. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "पोरी, आमी काय रेशनच्या रांगेत हाय काय?" कूपन तिथंच फाटलं. 'फक्त बिअर-वाईन' हा धाकट्याचा प्रस्ताव तर याच मंडळींनी हसण्यावारी नेला.

आजऱ्याच्या मामांनी आपला नेहमीचा तोडगा काढला. "गोव्यातनं आणूया की. आंबोलीमार्गे दोन तासांचं काम. निम्म्यात येतंय." लग्नसराईत हा सल्ला कोल्हापूर जिल्ह्यात प्रत्येक घरात एक तरी मामा देतोच. 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही बातमी आमच्याकडे पेपरात इतकी नेहमीची आहे की कुणी मथळ्याखाली वाचतसुद्धा नाही. पकडलं तर दारूबरोबर गाडीही जाते. मामांना विचारलं, "गाडी तुमची न्यायची का?" त्यांनी विषय बदलून पांढऱ्या रश्श्यात खसखस किती घालावी, त्यावर सुरू केलं.

ठरलं ते असं: लॉन, आपली खरेदी, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना. गंमत बघा, आपल्याकडे दारू पाजायचा परवाना मिळतो तो ज्या कायद्याखाली, त्याचं नावच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे, १९४९ सालचा. अर्ज ऑनलाइन केला. जागामालकाचं संमतिपत्र, ओळखपत्र, कार्यक्रमाची तारीख-वेळ, पाहुण्यांची संख्या. लॉनच्या मालकाने संमतिपत्रावर सही करायला चार दिवस लावले, कारण त्यांच्या वडिलांना ते पसंत नव्हतं. शुल्काचा आकडा इथं लिहीत नाही, तो बदलत असतो, पण बजेटमध्ये त्याची ओळ पहिल्या दिवसापासून धरा. मी धरली नव्हती.

अर्जाच्या आधी एक मोठी भानगड झाली ती सांगायची राहिलीच. १५ ऑक्टोबरला दुपारी विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली. मतदान २० नोव्हेंबर, मतमोजणी २३ नोव्हेंबर. आमचं रिसेप्शन बरोबर २३ ला. मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तास ड्राय डे असतो हे मला माहीत होतं, मतमोजणीचं लक्षातच नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ताई, आदेश निघेपर्यंत काही सांगता येत नाही. दिवसभर बंद ठेवतील, नाहीतर निकालापर्यंत." आदेशाची वाट बघत दोनशे चाळीस माणसांना ताटकळत ठेवणं मला जमणारं नव्हतं. लॉनवाल्याकडे रविवार २४ रिकामा होता, कारण त्या दिवशीच्या पार्टीने तारीख बदलली होती. पत्रिका अजून छापायच्या होत्या, म्हणून निभावलं. मुहूर्त बघताना पंचांग उघडतात तसं निवडणूक आयोगाचं पत्रकही उघडायला हवं, हे भटजींना सांगितलं. ते हसले नाहीत. शनिवारी सगळं शहर गुलालाने माखलं होतं आणि आम्ही घरी मेंदीच्या हातांनी बाटल्यांची यादी पुन्हा तपासत होतो.

खरेदीला मी आणि नवरा गेलो. वाईन शॉपच्या जाळीपुढं बाईमाणूस यादी वाचतंय म्हटल्यावर मागची रांग शांत झाली. दहा खंबे मध्यम व्हिस्की, तीन व्होडका, तीन रम, आणि तीन स्कॉच. स्कॉच व्याह्यांसाठी. दुकानदाराने बिअरच्या ओळीवर बोट ठेवलं. "पाच बॉक्स जास्त होतील. थंडी पडलीय. तीन न्या." मी म्हटलं, गणित केलंय. तो म्हणाला, "सीलबंद असली तरी परत घेत नाही हां." बिल ४०,४०० रुपये. ते बिल जपून ठेवलं, भरारी पथक आलं तर परवान्याशेजारी तेच दाखवायचं असतं. (२०२५ मध्ये सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं, त्यामुळे आता हेच सामान बरंच महाग पडेल. माझे आकडे जपून वापरा.)

चाळीस हजारात सुटलो, या आनंदात मी बाकीच्या ओळी जोडायला घेतल्या. बार काउंटर, काचेचे ग्लास आणि तीन पोरं, १४,०००. बर्फ ३,२००. सोडा, पाणी, कोल्ड्रिंक, लिंबं, ६,५००. चकणा, म्हणजे मसाला शेंगदाणे, काकडी, उकडलेली अंडी आणि खर्डा, ११,०००. रात्री लोकांना सोडायला दोन ट्रॅव्हलर, ड्रायव्हरच्या भत्त्यासह १२,०००. बेरीज ४६,७००. दारूपेक्षा जास्त, आणि परवान्याचे वेगळे. रोज ऑफिसात मी हेच सांगते की सगळ्यांचं लक्ष लोखंडाच्या दरावर असतं आणि पैसा वाळू खाते. मग हॉटेलचा हिशोब पुन्हा मांडला. तेवढेच पेग, तेवढीच बिअर आणि वाईन त्यांच्या दराने, व्हॅट धरून साधारण ८३,६०० होत होती. चकणा आणि ट्रॅव्हलर तिथंही लागलेच असते. ते माझ्या बेरजेतून वजा केले तर माझं दारूसकट ६४,१००, अधिक परवाना. फरक होता, पण पेगाला ८८ आणि २४२ ऐकून वाटला तेवढा नव्हता. त्यात माझे तीन आठवडे धरलेच नाहीत.

रविवारी दुपारी चारला बर्फ आला. बाटल्या गार करायला गोणपाटात गुंडाळलेल्या तीन लाद्या आणि ग्लासात घालायला खाण्याच्या बर्फाच्या पिशव्या, वेगवेगळ्या. लादीचा बर्फ ग्लासात जाता कामा नये. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम आहे, पण आमच्या लाद्या पांढऱ्याशुभ्र होत्या, म्हणून मी ड्रमवर खडूने 'पिऊ नका' लिहिलं. पोरांना ३० आणि ६० मिलीची मापं दिली. पहिल्याच पेगाला एकाने माप बाजूला ठेवून बाटली उपडी केली. "ताई, हातात अंदाज हाय." त्याच्या अंदाजात चार बोटं व्हिस्की होती. त्यानंतर मी गॅस सिलिंडरचा नियम लावला: रिकामी बाटली द्या, भरलेली घ्या. दर अर्ध्या तासाला रिकाम्या मोजून वहीत लिहिलं. पंचविशीच्या आतल्या भावंडांना व्हिस्की नाही, हे पोरांना बजावलं होतं. बावीस वर्षांचा एक चुलतभाऊ "एवढं लग्न माझ्यासमोर झालं आणि..." म्हणत तासभर घुटमळत होता, मग मटणाकडे गेला.

साडेआठला सोडा संपला.

व्हिस्कीचे पाच खंबे शिल्लक, आणि सोडा संपला. मी सोडा धरला होता सत्तर पिणाऱ्यांचा, दोनशे दहा पेगांना पुरतील अशा साठ बाटल्या. सगळं मोजलं होतं. न पिणारे एकशे तीस जण काय पिणार, हा विचारच केला नव्हता. लॉनवर गार काही मिळत होतं ते फक्त बारवर. पोरंटोरं, काकू, मावश्या सगळे मसाला सोडा घ्यायला तिथंच आले होते. आईने बारपुढे बांधलेला पडदा कुणीतरी गुंडाळून आंब्याच्या फांदीला टांगला होता, येजा करायला अडचण होत होती म्हणून. आणि काउंटरच्या पहिल्या खुर्चीवर, गळ्यात तुळशीची माळ, हातात काचेचा ग्लास, आत्या बसली होती. ग्लासात लिंबू-सोडा. तिच्या शेजारी रस्सा मंडळाचे दोघे उभ्या उभ्या ग्लास पाठीमागे धरून बोलत होते. "काय गं, इथं बरं गार आहे," आत्या मला म्हणाली. "आणखी एक दे सांग त्याला. जिरं जरा जास्त."

नवऱ्याने आणि मामेभावाने दुचाकीवर जाऊन दोन दुकानं उघडून सोडा आणला. वीस मिनिटं लोक पाण्याबरोबर प्यायले, कुणी मेलं नाही.

रविवार असल्याने पुण्याची मंडळी साडेनऊलाच निघाली, सोमवारी ऑफिस. त्यांच्यासाठी धरलेली बिअर तशीच राहिली. दुकानदार बरोबर होता, थंडीत सगळे व्हिस्की आणि रमकडे वळले. दहाही व्हिस्की संपल्या. शेवटच्या दोन मी गाडीच्या डिकीत लपवल्या होत्या, त्या पावणेदहाला बाहेर काढल्या. व्याही निघाले निर्व्यसनी, त्यांनी आधी ताक मागितलं आणि मग नुसत्या पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या. एक स्कॉच फोटोग्राफरच्या टीमने संपवली असं नंतर व्हिडिओतच दिसलं. ट्रॅव्हलरमध्ये सगळ्या सीट भरल्या, एकालाही रात्री स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे. दोन्ही ट्रॅव्हलर मिळून बारा हजार गेले, ते मला एकदाही खटकले नाहीत.

सकाळी रिकाम्या बाटल्यांची लेबलं फाडायला बसलो, पुन्हा भरून विकू नयेत म्हणून. आबा आले, स्टुलावर बसले आणि न बोलता तेही लेबलं सोलू लागले. बिअरच्या एकोणीस बाटल्या शिल्लक होत्या. "यांचं काय करायचं?" मी विचारलं. आबा म्हणाले, "ठेव तिथं. बघतो."

पुढच्या आठवड्यात देवघरात दिवा लावताना कपाटाचं दार उघडं दिसलं. लाल वही वरच होती. रविवार, माणसं सोळा, मटण, कांदे, खोबरं, लाकडं. आणि 'इतर'पुढे आबांच्या वळणदार अक्षरात: बिअर १९, लग्नातली शिल्लक, वर्गणी निरंक. सोडा, ३ डझन, लेकीने सांगितल्याप्रमाणे जास्त.